हातानं बांधलेल्या चाकाचा हब मोडला तर: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नव्या सायकलवाल्यांसाठी

"हब गेलाय बघा, चाकच बदला की." दुकानात हे ऐकलं की नवा माणूस गप्प मान हलवतो आणि नव्या चाकाचे पैसे मोजतो. तयार मिळणारं स्वस्त चाक असेल तर तेही एक वेळ ठीक आहे. पण हातानं बांधलेल्या चाकाची रिम तुम्ही निवडून घेतलेली असते, तारा मापानं आणलेल्या असतात, आणि कुणीतरी जीव लावून एकेक निपल (तार रिमपाशी आवळणारी बारीक नट) फिरवत ते सरळ केलेलं असतं. त्यातला एक भाग बिघडला म्हणून सगळं चाक भंगारात घालणं चूक आहे. दुकानदाराला आधी एकच प्रश्न विचारा: हबमधलं नेमकं काय गेलं?

हब म्हणजे चाकाच्या मध्यावरचा, तारा अडकवायचा भाग. त्याचे भाग थोडे आहेत. मधली नळी, तिच्या दोन टोकांना तारा ओवायची भोकं असलेल्या गोल कडा (त्यांना फ्लँज म्हणतात), आतून जाणारा एक्सल, एक्सलवरचे दोन कोन, नळीतले दोन कप आणि कोन-कपांमध्ये फिरणारे छर्रे. यातले एक्सल, कोन आणि छर्रे तारांना हात न लावता बदलता येतात. नळी, कप किंवा फ्लँज गेली तरच चाक उसवावं लागतं. पहिलं काम तासाभराचं, दुसऱ्याला सवड काढून बसावं लागतं. म्हणून निदानात घाई करू नका.

निदान कसं करायचं

चाक सायकलवर असतानाच रिम हातात धरून डावी-उजवीकडे हलवा. खटखट असा ढिलेपणा लागला तर बहुधा कोन सैल झालाय. चाक फिरवल्यावर खरखर येत असेल तर ग्रीस संपलंय, नाहीतर छर्रे किंवा कोन खाल्ले गेलेत. मागचं चाक फ्रेममध्ये तिरकं बसतंय, ब्रेकला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे घासतंय, पण तारा सगळ्या ताणलेल्या आहेत, तर एक्सल वाकलाय किंवा तुटलाय असं समजा. क्विक रिलीज (पान्याशिवाय, दांडी उघडून चाक काढायची सोय) असेल तर एक्सलचे दोन तुकडे झाले तरी आतली बारीक सळई चाक धरून ठेवते, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. चाक काढून एक्सल दोन्ही टोकांना धरून ओढून पाहा, तुकडा हातात येतो.

पेडल मारलं की पाय रिकामा फिरतो आणि चाक जागेवरच, हा दोष फ्रीव्हीलच्या (पेडल थांबलं तरी चाक फिरू देणाऱ्या, चेन बसते त्या दातेरी भागाच्या) आतल्या खटक्यांचा. हबचा त्याच्याशी काही संबंध नाही. तरीही या दोषापायी चाकं बदलली जातात, म्हणून सांगून ठेवतो.

फ्लँज तुटते तेव्हा बहुतेक वेळा आवाज होतो, एकाच जागच्या दोन-चार तारा एकदम सैल पडतात आणि रिम त्याच ठिकाणी वाकडी धावते. पण नुसती तड गेली असेल तर आपल्या लाल मातीच्या थराखाली ती दिसत नाही. हब साबणानं धुऊन पुसा. मग फ्लँजवर थोडं रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसा आणि वरून पांढऱ्या खडूची पूड चोळा. तड असेल तर आत मुरलेलं रॉकेल पुडीत झिरपतं आणि एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत काळी रेघ उमटते. ही परीक्षा फुकटात होते आणि ती करायला कुणी कारागीर लागत नाही.

कप तपासायला एक्सल काढावा लागतो. छर्रे काढून कप पुसा आणि बॉलपेनचं टोक कपाच्या वाटेवरून हळू फिरवा. टोक कुठं अडलं, खड्ड्यात पडल्यासारखं वाटलं, तर तो कप संपला. अशा कपात नवे कोन आणि नवे छर्रे घातले तर तेही लवकरच खाल्ले जातात.

मोडतं कशानं

कारण माहीत नसेल तर नवा हबही त्याच वाटेनं जाईल. आपल्याकडे पहिलं कारण पाऊस. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळाभर सायकल ओलीच असते. त्यात प्रेशरच्या पाण्यानं हबवर थेट फवारा मारला की ग्रीस बाहेर आणि माती आत. दुसरं कारण मागच्या कॅरिअरवरचं ओझं. दुधाचे कॅन, वैरणीचे भारे, खताची पोती, सगळं मागच्या एक्सलवर येतं.

गिअरच्या सायकलींचं तिसरं कारण रचनेत आहे. फ्रीव्हील हबवर आट्यांनी चढवलेलं असतं, आणि त्यात सहा-सात दातेरी चकत्या असल्या की उजवीकडचे छर्रे फ्रेमच्या खाचेपासून बरेच आत राहतात. मधला एक्सल आधाराशिवाय लोंबतो आणि खड्ड्यांचे मार खाऊन तिथंच वाकतो. शिमानोनं १९७८ मध्ये फ्रीहब (खटक्यांचा भाग हबमध्येच असलेला हब) आणला त्यात उजवे छर्रे बाहेर, खाचेजवळ नेले, म्हणून अशा हबांत, म्हणजे चकत्यांचा संच (कॅसेट) नुसता सरकवून बसवायच्या हबांत, एक्सल क्वचित तुटतो. सात चकत्यांच्या फ्रीव्हीलवर तुमचा एक्सल वारंवार वाकत असेल तर नवा एक्सल घालत बसण्यापेक्षा कॅसेटचा हब घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

फ्लँजची गोष्ट वेगळी. तारा नको तितक्या ताणणं, किंवा जो हब त्यासाठी बनवलेला नाही त्यात तारा न ओलांडता सरळ उभ्या भरणं, यानं भोकाची कड फाटते. जुना हब पुन्हा बांधताना आधीच्या तारांनी पाडलेल्या खुणा सोडून उलट्या दिशेनं तारा भरल्या तरी तिथून तड जायचा धोका असतो. आणि काही स्वस्त लोखंडी हबांत फ्लँज नळीवर दाबून बसवलेली असते. ती नळीवरच फिरायला लागली की हब संपला.

वाटेत मोडला तर

एक्सल तुटला आणि क्विक रिलीज असेल, तर सपाट रस्त्यानं, पेडलवर जोर न देता, जवळच्या गावापर्यंत जाता येतं. फ्लँज तुटली असेल तर बसू नका. सुटलेल्या तारा शेजारच्या तारांना वळसा घालून सुतळीनं बांधा, रिमचा ब्रेक सैल करा आणि सायकल हातानं ढकला. चोर्ल्याच्या किंवा जांबोटीच्या रस्त्यावर असाल तर वडाप किंवा टेम्पोला हात करा. उतारावर अर्ध्या तुटक्या चाकावर बसणं म्हणजे जिवाशी खेळ.

फक्त एक्सल, कोन, छर्रे गेले असतील तर

मोडका एक्सल आणि दोन्ही कोन खिशात घालून दुकानात जा, नुसतं तोंडी सांगून जाऊ नका. जुन्या काळ्या सायकलींचे एक्सल इंची आट्यांचे असतात, मागचा बहुधा ३/८ इंची, इंचाला २६ आटे. नव्या गिअरच्या सायकलींचा मागचा एक्सल १० मिलिमीटरचा, १ मिलिमीटर आट्याचा. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण एकाचा कोन दुसऱ्यावर जबरदस्तीनं चढवला तर आटे मरतात. जुना कोन नव्या एक्सलवर बोटांनी फिरवून पाहा. शेवटपर्यंत सुरळीत गेला तरच घ्या.

छर्रे नेहमी सगळे नवे घाला. मागच्या हबात बहुधा दर बाजूला पाव इंची नऊ, पुढच्यात ३/१६ इंची दहा. कपात ग्रीस भरून छर्रे त्यात रोवा, एक्सल घाला, कोन हातानं टेकेपर्यंत फिरवा आणि किंचित मागे घ्या. मग पातळ पान्यानं कोन धरून चेकनट (कोनाला जागेवर पक्की करणारी बाहेरची नट) आवळा. एक्सल बोटांनी फिरवल्यावर कुठंही दाणा लागता कामा नये आणि हलवल्यावर खटखटही नको. दोन्ही एकदम साधायला चार-पाच वेळा सोडून-आवळून पाहावं लागतं, तिथं कंटाळा करू नका. क्विक रिलीज असेल तर अगदी केसभर ढिला ठेवा, कारण ते दाबलं की एक्सलही थोडा दाबला जातो आणि ढिलेपणा निघून जातो.

जुन्या मापाचा एक्सल बाजारात नसेल तर बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर करून मिळतो. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान घातलं ते याच बेळगावात. त्यांचा कारखाना १९१० साली कुंडलजवळच्या माळावर, आजच्या किर्लोस्करवाडीला गेला, पण लेथ आणि फाउंड्रीची कामं या शहरात आजही भरपूर आहेत. निपाणीकडच्यांना कोल्हापूरचं उद्यमनगर जवळ पडेल. लेथवाल्याला जुना एक्सल नमुना म्हणून द्या आणि साध्या मऊ सळईचा करू नका असं बजावा, तो पहिल्याच पोत्याला वाकेल.

फुटलेली फ्लँज वेल्डिंग करून घ्या असंही कुणी सुचवेल. करू नका. प्रत्येक तार फ्लँजला साधारण शंभर किलोच्या ताणानं ओढत असते. तापवून सांधलेला अॅल्युमिनिअम तिथं टिकत नाही, आणि पुन्हा फुटेल तेव्हा तुम्ही सायकलवर बसलेले असाल.

नवा हब निवडताना

भोकांची संख्या जुळलीच पाहिजे. जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असायच्या, आता बऱ्याच सायकलींना दोन्हीकडे ३६ असतात. रिमची भोकं मोजा, आठवणीवर जाऊ नका. मग फ्रेमच्या दोन खाचांमधलं आतलं अंतर मोजा. पुढे बहुधा १०० मिलिमीटर भरतं, मागे गिअरच्या सायकलीला १३० किंवा १३५, बिनगिअरच्याला ११०च्या आसपास.

तिसरं माप फ्लँजच्या भोकांच्या वर्तुळाचं. समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर व्हर्निअरनं घ्या. जुन्या तारा वापरता येतील की नाही ते यावर ठरतं. ३६ तारांच्या, तीन वेळा ओलांडलेल्या (म्हणजे प्रत्येक तार वाटेत दुसऱ्या तीन तारांना ओलांडते अशा) चाकात हे वर्तुळ व्यासानं ४ मिलिमीटर मोठं झालं तर तार एक मिलिमीटरपेक्षाही कमीनं आखूड लागते. एवढा फरक निपल सांभाळून घेतं. पण ४५ मिलिमीटर वर्तुळाच्या हबाऐवजी ६७ मिलिमीटरचा मोठ्या फ्लँजचा हब आणलात, तर २६ इंची चाकात तार चार-साडेचार मिलिमीटरनं आखूड लागेल आणि जुन्या तारांची टोकं निपलमधून वर येऊन ट्यूबला भोकं पाडतील. म्हणून जुन्याच्या जवळच्या मापाचा हब मिळत असेल तर तोच घ्या, चकचकीत दुसरा कितीही आवडला तरी. सायकलीचा बराचसा माल लुधियानाहून येतो, दुकानदार मागवून देतो, आठवडाभर थांबायची तयारी ठेवा.

नव्या तारा घ्यायच्याच असतील तर लांबी काढायचं सूत्र सांगतो. भोकांच्या वर्तुळाची त्रिज्या 'अ', हबच्या मध्यापासून त्या फ्लँजपर्यंतचं अंतर 'ब', आणि रिममध्ये निपलचं डोकं जिथं टेकतं तिथली त्रिज्या 'क'. अ, ब, क यांच्या वर्गांची बेरीज करा. तीनदा ओलांडलेल्या ३६ तारांना कोन ६० अंश असतो, म्हणून त्या बेरजेतून अ गुणिले क वजा करा. उरेल त्याचं वर्गमूळ काढा आणि भोकाच्या निम्म्या व्यासाचे १.३ मिलिमीटर कमी करा. उदाहरणार्थ अ २२.५, क २७० आणि डावीकडे ब ३५ असेल तर तार साधारण २६०.५ मिलिमीटर येते. उजवीकडे फ्रीव्हीलमुळे ब २० असेल तर २५९. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या तारा सारख्या नसतात त्या यामुळे.

सीलबंद बेअरिंगचा हब घ्यावा की कोन-छर्ऱ्यांचा? गावात राहत असाल, स्वतः हात घालणार असाल, तर कोन-छर्ऱ्यांचा. तो कुठल्याही पारावर बसून उघडता येतो. शहरात असाल आणि पावसाळ्यात रोज सायकल लागत असेल तर सीलबंद बेअरिंगचा. बेअरिंगवर ६०००, ६००१ असे आकडे कोरलेले असतात, आणि त्याच आकड्याचं बेअरिंग मोटारी-यंत्रांच्या बेअरिंगच्या दुकानातही मिळतं, सायकलवालाच शोधावा लागत नाही.

चाक उसवणं

तारेला हात लावायच्या आधी फ्रीव्हील काढा. हे विसरलात तर मोठी पंचाईत होते. पेडल मारून मारून ते आट्यांवर घट्ट बसलेलं असतं आणि सोडवायला रिमचीच पकड लागते. फ्रीव्हील काढायचं हत्यार, म्हणजे पुलर, व्हाइसमध्ये आवळा, चाक फ्रीव्हील खाली करून त्यावर बसवा आणि दोन्ही हातांनी रिम धरून, वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा. तारा निघाल्यावर नुसता हब हातात धरून हे होत नाही.

मग चाकाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, व्हॉल्व्हजवळचा भाग स्पष्ट येईल असे. निपलांवर आदल्या रात्री तेल सोडून ठेवलेलं बरं. आता व्हॉल्व्हपासून सुरुवात करून प्रत्येक निपल अर्धा फेरा सैल करा, पूर्ण चक्कर झाली की पुन्हा अर्धा. सगळ्या तारा लुळ्या होईपर्यंत असंच. एकाच बाजूच्या तारा आधी सोडल्या तर रिम पिळली जाते. ताणलेल्या तारा पक्कडीनं कापायचा झटपट मार्ग काही जण घेतात. त्यानं रिम बिघडते आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

जुन्या तारा गंजलेल्या नसतील तर ठेवा, पण चार जुड्या करा: उजवीकडच्या आतल्या, उजवीकडच्या बाहेरच्या, तशाच डावीकडच्या दोन. तार ज्या बाजूनं वाकलेली आहे त्याच जागी परत गेली पाहिजे, उलट वाकवली की मानेत तुटते. गंजाचे डाग दिसले तर सगळ्याच नव्या घ्या. निपल मात्र पितळेचे नवेच.

पुन्हा बांधणं

नवा हब डब्यातून काढला की आधी त्याचे कोन तपासा. ते पुष्कळदा फार आवळलेले असतात आणि ग्रीसही नावालाच असतं. तारा भरण्याआधीच ते नीट करून घ्या. शेजारी सायकलचं दुसरं चाक किंवा मघाचा फोटो ठेवा. डोकं गोंधळलं की तिकडे पाहायचं.

३६ तारांच्या नऊ-नऊच्या चार फेऱ्या होतात. पहिली फेरी उजव्या फ्लँजची. एकाआड एक भोकात बाहेरून आत तारा घाला, डोकी बाहेर राहतील. पहिली तार रिमवर व्हॉल्व्हशेजारच्या उजवीकडे झुकलेल्या भोकात, पुढच्या दर चौथ्या भोकात. दुसरी फेरी डाव्या फ्लँजची, तशीच. डावी भोकं उजव्या भोकांसमोर बरोबर येत नाहीत, अर्ध्या घरानं सरकलेली असतात. ज्या बाजूला सरकली असतील त्याच बाजूचं रिमचं शेजारचं भोक धरा.

आता हब हातानं पिळा, तारा कलतील. तिसऱ्या फेरीत उजव्या फ्लँजच्या उरलेल्या भोकांत आतून बाहेर तारा घाला आणि उलट्या दिशेला न्या. वाटेत आधीच्या तीन तारा भेटतात. पहिल्या दोघींच्या बाहेरून आणि तिसरीच्या आतून जायचं. चौथी फेरी डावीकडे, तशीच. शेवटी पाहा: रिमवर एक तार उजवीची, एक डावीची असा क्रम सगळीकडे लागलाय का, आणि व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंच्या तारा त्याच्यावरच एकमेकींना ओलांडत नाहीत ना? पंपाचं तोंड बसायला तिथं मोकळी जागा हवी. ४० तारांच्या चाकात दहा-दहाच्या फेऱ्या आणि बहुधा चार वेळा ओलांडणं, बाकी रीत हीच.

चूक झाली तर ती इथंच दिसते आणि इथंच सुधारते. ताण दिल्यावर नाही.

ताण आणि आऊट (रिमचा वाकडेपणा) काढणं

सगळे निपल तारेचे आटे जेमतेम झाकेपर्यंत फिरवा. टायरच्या बाजूनं पाहिलं तर घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर तार ताणते. त्यानंतर पूर्ण चक्कर अर्धा-अर्धा फेरा. चाक सायकलमध्ये लावून सायकल उलटी उभी करा, ब्रेकचं रबर रिमजवळ आणा, हाच तुमचा स्टँड. रिम डावीकडे घासत असेल तर तिथल्या उजव्या तारा पाव फेरा आवळा, डाव्या पाव फेरा सोडा. वर-खाली उडत असेल तर उंच भागातल्या दोन्ही बाजूंच्या तारा आवळा. आधी वर-खालीचा आऊट काढा, मग आडवा. नवशिके उलट करतात आणि पुन्हा पुन्हा तेच काम करत बसतात.

रिम मध्यावर आहे का ते पाहायला चाक काढून उलटं लावा. दोन्ही वेळा रिम एकाच जागी आली तर बरोबर. मागच्या गिअरच्या चाकात उजव्या तारा डाव्यांपेक्षा जास्त ताणलेल्या असतात, तो दोष नाही. पण एकाच बाजूच्या तारा बोटानं छेडल्या तर तानपुऱ्याच्या जोडासारखा एकच सूर यायला हवा. एखादी बद्द वाजली तर ती सैल आहे.

अधूनमधून दोन-दोन समांतर तारा मुठीत धरून जोरात आवळा. करकर, टिकटिक आवाज येतील, ते तारांचा पीळ सुटल्याचे आणि माना फ्लँजमध्ये बसल्याचे. मग पुन्हा आऊट पाहा. आवाज थांबेपर्यंत हे करत राहा. हातानं बांधलेलं चाक वर्षानुवर्षं सरळ राहतं ते या कामामुळे, आणि घाईत बांधणारे नेमकं हेच गाळतात. आडवा आऊट एक मिलिमीटरच्या आत आला की नव्या माणसानं थांबावं. त्याच्या मागे लागून तारांचा ताण विषम करून ठेवू नका.

फ्रीव्हील चढवताना आट्यांना ग्रीस लावा, पुढच्या वेळी निघणं सोपं जाईल. पहिले काही दिवस कॅरिअरवर ओझं न घेता गावातल्या गावात चालवा, मग एकदा सगळ्या तारा छेडून पाहा आणि सैल पडलेल्या तेवढ्या आवळा. कोनही तेव्हाच तपासा. आणि जुन्या हबाचा एक्सल, कोन, चेकनट, वॉशर धडके असतील तर रॉकेलमध्ये धुऊन, तेल लावून एका डब्यात ठेवा. नव्या हबाला ते बसत असतील तर पावसाळ्यात, दुकान लांब असताना, उपयोगी पडतात.